रक्तातला विषाणू मोजण्याची हकीकत

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे आपल्या चिटणीस बाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आपला किल्ला किंवा देवीचे देऊळ असावे. त्यांवर माझ्यापेक्षा जाणत्या भगिनींनी पूर्वीच पुष्कळ लिहून ठेवले आहे. मी एका लहानशा आकड्याचा इतिहास सांगणार आहे. एच.आय.व्ही.चे औषध चालू असलेल्या माणसाच्या रक्तात विषाणू किती उरला, हे मोजण्याची विद्या कशी निघाली, आणि थोडासाच उरला तर त्याचे काय करावयाचे, असा हा विषय आहे. वर्धापनदिनाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटले तर त्यांनी एवढेच पाहावे की या रोगाची झळ आपल्याकडे ज्यांना लागली त्यांत घराचा उंबरठा न ओलांडलेल्या बायका किती आहेत.

माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. परंतु माझ्या नात्यातल्या एका बाईबरोबर गेली कित्येक वर्षे मी जिल्ह्याच्या ठिकाणी औषधाच्या केंद्रावर जाते. तिला आम्ही आक्का म्हणतो. याहून अधिक ओळख देत नाही. तिच्या संमतीवाचून ती देण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी दिली नसती. हा लेख मात्र तिला वाचून दाखविलेला आहे. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आणि समुपदेशन करणाऱ्या ताई यांनी माझ्या शंका फेडल्या, आणि इंग्रजी मजकूर माझ्या मुलीने वाचून अर्थ सांगितला.

या रोगाची पहिली नोंद 1981 च्या जून महिन्यात अमेरिकेत झाली. लॉस एंजेलिस शहरातल्या पाच तरुणांना एक विलक्षण न्यूमोनिया झाला होता. 1983 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी ही बाई आणि ल्यूक मोंताञ्ये यांनी विषाणू शोधून काढला. त्याबद्दल त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1985 साली रक्ताची चाचणी निघाली. ती चाचणी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगे. किती आहे, हे तिला सांगता येत नसे.

आपल्या देशातला शोध दोन बायकांनी लावला, हे भगिनींनी मुद्दाम लक्षात घ्यावे. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सॉलोमन शिकवीत होत्या. त्या माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला ही लहान मुलांची आई होती. सुनीतीबाईंनी तिला वेश्यावस्तीतल्या बायकांचे रक्त तपासावयास सांगितले. हा रोग हिंदुस्थानात येणारच नाही असे त्या वेळी मोठमोठे लोक छातीठोकपणे म्हणत असत. नमुने ठेवावयास जागा नव्हती, म्हणून निर्मलाबाईंनी ते आपल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. 1986 च्या फेब्रुवारीत रात्रीच्या गाडीने त्या ते नमुने घेऊन वेल्लोरला गेल्या, आणि त्यांतले सहा दोषी निघाले. आपल्यापैकी कितीजणींच्या सासरी असा डबा दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवू दिला असता, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. सुनीतीबाईंनी पुढे 1993 साली वडिलांच्या नावाने संस्था काढली. 2015 साली त्या वारल्या आणि 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या पुण्यातही 1992 साली भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. आता तिचे नाव बदलले आहे.

त्यानंतर बरीच वर्षे डॉक्टर लोक विषाणू मोजत नसत. मोजत ते शरीराचे शिपाई. रक्तात सीडी-फोर नावाच्या पेशी असतात, त्यांवरच हा विषाणू हल्ला करतो. निरोगी माणसात त्या साधारण पाचशेच्या वर असतात आणि दोनशेच्या खाली गेल्या की क्षय, बुरशी असे रोग घरात शिरतात. शिपाई किती उरले यावरून शत्रू किती असेल याचा अंदाज बांधावयाचा, असा तो प्रकार होता.

शत्रूलाच मोजण्याची सोय झाली ती कॅरी मुलिस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने काढलेल्या युक्तीमुळे. 1983 साली त्याला ती सुचली आणि 1993 साली त्याला नोबेल मिळाले. युक्ती अशी की डोळ्यांना न दिसणाऱ्या जनुकाचा एक तुकडा घ्यावयाचा आणि त्याचे दोन करावयाचे, दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार मागणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. तसेच हे. तीस वेळा दुप्पट केले की एकाचे 107 कोटी होतात, आणि मग यंत्राला ते दिसतात. किती वेळा दुप्पट केल्यावर दिसू लागले, त्यावरून मुळात किती होते याचा उलटा हिशेब मांडतात.

रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात. ते यंत्रात घुसळून वरचा पिवळसर द्रव वेगळा काढतात आणि थंडगार ठेवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवितात. उत्तर येते ते एका मिलिलिटरमागे किती ‘प्रती’, असे. मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब. एकेका विषाणूच्या पोटात जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणजे अहवालात हजार लिहिले तर विषाणू पाचशे.

1995 साली या मोजणीने मोठाच उलगडा केला. तोपर्यंत समजूत अशी की विषाणू पुष्कळ वर्षे शरीरात निजून असतो. डॉ. डेव्हिड हो आणि डॉ. जॉर्ज शॉ यांच्या मंडळींनी नवीन औषध देऊन वारंवार रक्त मोजले, तो आकडा दोन-दोन दिवसांत निम्मा होऊ लागला. याचा अर्थ शरीरात रोज प्रचंड विषाणू जन्मतात आणि मरतात. पुढच्या वर्षी हिशेब मांडला तेव्हा तो रोजचा 1000 कोटी निघाला. रोग निजलेला नव्हता, रात्रंदिवस लढाई चालू होती. 1996 साली मेलर्स या डॉक्टरांनी दाखविले की ज्याच्या रक्तात विषाणू जास्त तो लवकर खालावतो. शास्त्रज्ञ आगगाडीची उपमा देतात: पुढे पूल पडलेला आहे, सीडी-फोर म्हणजे तिथपर्यंतचे उरलेले अंतर आणि विषाणूंचा आकडा म्हणजे गाडीचा वेग. त्याच वर्षी तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत व्हँकुव्हरच्या परिषदेत मांडली गेली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ही मोजणी दवाखान्यात वापरण्यास मंजुरी मिळाली.

ते पहिले यंत्र चारशेच्या खालचे मोजू शकत नसे. 1999 साली निघालेले पन्नासपर्यंत मोजू लागले, आताची कित्येक यंत्रे वीसपर्यंत जातात. रव्याची चाळण, पिठाची चाळण आणि वस्त्रगाळ, असा हा क्रम समजावा. चाळण बारीक होत गेली तसे पूर्वी ज्याला ‘काही नाही’ म्हणत त्यात काहीतरी दिसू लागले. आमच्या विषयाचे मूळ तेथे आहे.

तीन औषधांनी सगळा विषाणू दोन-तीन वर्षांत संपेल, अशी आशा डॉ. हो यांना होती. 1996 चा ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांची निवड केली होती. परंतु 1997 साली अमेरिकेतल्या तीन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी एक वाईट बातमी दिली. काही पेशींमध्ये विषाणू दडून बसतो आणि तेथे औषध पोचून उपयोग नसतो, कारण तो काही हालचालच करीत नाही. ही दडलेली पुंजी औषधाने संपावयास साठ वर्षांहून अधिक लागतील असा पुढे हिशेब निघाला. राखेखाली निखारा असावा तसे ते आहे. म्हणून अहवालात ‘आढळला नाही’ असे आले तरी रोग गेला असे नव्हे. हे वाचून गोळ्या सोडणारे आणि जडीबुटीवाल्याच्या नादी लागणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. काही आठवड्यांत आकडा पुन्हा लाखांवर जातो.

आता आपल्याकडे औषध कधी आले ते सांगते. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तिन्ही औषधे वर्षाला 350 डॉलरांत, म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत, देऊ केली. त्याआधी परदेशी कंपन्यांचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात होता. जगात त्या घोषणेचे मोठे नाव झाले, आणि व्हावयासच पाहिजे. पण ट्रक चालविणाऱ्या माणसाच्या घराला तेवढेही जड होते. आक्काचे यजमान 2003 साली गेले. सरकारने फुकट औषध सुरू केले ते 1 एप्रिल 2004 रोजी, आठ इस्पितळांत. त्यांत मुंबईचे जे. जे. होते. मधले अंतर काही महिन्यांचेच. आक्का ती तारीख पाठ म्हणते. तिच्यावर तेव्हा सासरी जे आरोप झाले ते मी लिहीत नाही. तिने लग्नानंतर परपुरुषाचे तोंड पाहिले नव्हते, आणि रोग मात्र हिनेच आणला असे ठरले.

तिला 2006 साली औषध लागले, सीडी-फोर दोनशेच्या खाली गेल्यावर. त्या काळी तशीच अट होती. आपल्या देशात प्रत्येकाला लगेच औषध द्यावयाचे असे ठरले ते 2017 साली. पहिल्या गोळ्यांनी तिच्या पायांना मुंग्या येत आणि गाल बसले. तिची केंद्रावरची पुस्तिका मी चाळली आहे. पहिल्या बारा वर्षांच्या पानांवर फक्त सीडी-फोर. विषाणू किती, याचा रकाना कोरा. ती मोजणी महाग होती, आणि औषध निकामी झाल्याची शंका आली तरच, दुसऱ्या फळीची औषधे देण्यापूर्वी करीत. ही दुसरी फळी 2008 साली मुंबईत व मद्रासजवळ तांबरमला सुरू झाली. 26 फेब्रुवारी 2018 रोजी केंद्र सरकारने औषध घेणाऱ्या सगळ्यांची मोजणी वर्षातून एकदा तरी फुकट करण्याचे जाहीर केले, आणि आक्काच्या पुस्तिकेत त्या वर्षी पहिल्यांदा आकडा पडला. आकडा कसला, ‘आढळला नाही’ असेच होते. ती त्या दिवशी केंद्राच्या पायरीवर बसून रडली. मी तिला चहा पाजला.

आता थोड्या उरलेल्या विषाणूकडे येते, कारण खरी गोंधळाची जागा हीच. पन्नासच्या खाली असले की उत्तम आणि हजाराच्या वर असले की औषध चालत नाही किंवा घेतले जात नाही, हे सरळ आहे. पन्नास ते हजार यांच्यामध्ये असेल तर काय म्हणावयाचे? जागतिक आरोग्य संघटनेची रेघ 2010 साली पाच हजारांवर होती, 2013 साली ती हजारावर आणली. अमेरिकेत मात्र दोनशेच्या वर दोनदा गेले की औषध हरले असे धरतात. गरीब देशांत कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबावरून मोजणी करावी लागते, तिला बारीक आकडे नीट कळत नाहीत, हे एक कारण. दुसरे कारण युगांडात सापडले होते. तेथल्या राकाई भागात 415 जोडपी अशी पाहिली, ज्यांत एकाला लागण होती व दुसऱ्याला नव्हती. ज्यांचा आकडा दीड हजाराच्या खाली होता त्यांच्याकडून एकालाही लागण झाली नाही. हा अभ्यास 2000 साली छापून आला. मग 2011 साली नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांच्या अभ्यासात लवकर औषध दिल्याने लागण 96 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यात आपल्या पुण्याची आणि मद्रासची जोडपीही होती. त्या अनामिक नवराबायकोंचे आपण सर्वांनी ऋण मानले पाहिजे असे मला वाटते. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितले की ‘आढळला नाही’ असेल तर शरीरसंबंधातून लागणीचा धोका शून्य, आणि हजारापर्यंत असेल तर जवळजवळ शून्य.

म्हणजे दुसऱ्याला धोका नाही, हे झाले. पण ज्याच्या रक्तात तो उरला आहे त्याचे काय? विरजणाचा थेंब केवढासा असतो, पण रात्रभरात दुधाचे काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. औषध थोडे कमी पडत राहिले तर त्यातल्या त्यात निबर विषाणू टिकतात आणि त्यांचीच पैदास होते. दक्षिण आफ्रिकेत 70 हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहून 2018 साली सांगितले गेले की ज्यांचा आकडा पन्नास ते हजार यांच्यामध्ये रेंगाळला, त्यांचे औषध पुढे हरण्याचे प्रमाण इतरांच्या अडीचपट होते.

तथापि प्रत्येक आकड्याने घाबरूनही चालत नाही. बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी दहा रोग्यांचे रक्त तीन-चार महिने दर दोन-तीन दिवसांनी काढले. 2005 साली त्यांनी लिहिले की दहापैकी नऊ जणांत कधी ना कधी आकडा किंचित वर उडाला आणि आपोआप खाली आला. मोजणीतही मागेपुढे होते, तिपटीच्या आतला फरक फारसा धरीत नाहीत. काही प्रकारच्या नळ्यांत रक्त नीट वेगळे न करता गोठविले तर आकडा उगाच फुगलेला दिसे, हेही सापडले आहे. म्हणून नियम असा की एकदा दिसले तर औषध घेण्यात काय चुकते ते विचारावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे.

आक्काच्या बाबतीत हे विचारणेच राहून गेले. तिच्या गोळ्या बदलून नवी, डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी सुरू झाली होती. त्यानंतरच्या मोजणीत 180 आले. खिडकीवरच्या माणसाने “हजाराच्या आत आहे, पास!” असे म्हणून पुस्तिका परत केली. पुढच्या वेळी 640. पुन्हा पास. आक्का एकही गोळी चुकवीत नाही, रात्री नऊला तिचा गजर वाजतो. मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारले की शून्याचे 180 आणि 180 चे 640 होत असेल तर हे पास कसे? त्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि समुपदेशक ताईंना बोलाविले.

ताईंनी विचारले, “मावशी, आणखी कोणते औषध घेता? अगदी पाचकापासून सगळे सांगा.”

तेव्हा निघाले की गुडघेदुखीसाठी एका खाजगी डॉक्टरांनी तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या आणि जळजळीसाठी पांढरे पातळ औषध. सगळे एकदमच रात्री नऊला, उपाशीपोटी, कारण जेवण सातलाच होते. त्या डॉक्टरांनी दुसरे काही चालू आहे का हे विचारले नव्हते, आणि आक्काने आपण होऊन सांगितले नव्हते. न सांगण्याचे कारण आपल्या सगळ्यांना कळण्यासारखे आहे. कॅल्शियम, लोह आणि पोटातल्या आम्लावरची औषधे या नव्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात पुरती उतरत नाही. ती गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. कॅल्शियम वा लोह जेवणाबरोबर घेतले तर दोन्ही एकत्र चालतात. आक्काने वेळा बदलल्या. तीन महिन्यांनी पुन्हा ‘आढळला नाही’ असे आले.

आपल्यापैकी पन्नाशीच्या आसपासच्या किती जणी कॅल्शियम घेतात आणि किती जणींना लोहाच्या गोळ्या चालू आहेत, ते मोजून पाहावे. क्षयाचे औषध चालू झाले तर या गोळीतल्या डोल्युटेग्राविरची मात्रा दिवसातून दोनदा करावी लागते, हेही ताईंनी सांगितले. औषधाच्या वेळी वाकडेतिकडे वाटले तर केंद्रावर विचारावे. 1097 हा सरकारी फोन फुकट आहे आणि नाव विचारीत नाहीत.

दुसऱ्या एका गावच्या गटात आक्काला पापड लाटावयास बसू दिले नव्हते. त्या वेळीही तिचा आकडा ‘आढळला नाही’ असाच होता. लाखांत असता तरी पापडातून, पाण्यातून वा एका ताटातून हा विषाणू जात नाही. आपल्या मंडळात ती उन्हाळ्यात येते आणि तिचे पोह्याचे पापड आपण गेली चार वर्षे खात आहोत. तिने आता हे लिहावयास परवानगी दिली म्हणूनच लिहिते. ती कोण, हे कृपया शोधू नये.

ज्यांच्या लेकी बाळंतपणाला माहेरी यावयाच्या आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली. गरोदरपणाच्या तपासणीत एच.आय.व्ही. निघाले तर त्याच दिवसापासून औषध सुरू करतात, आणि 32 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान विषाणूची मोजणी करतात. आकडा हजाराच्या आत असेल तर बाळाला जन्मल्यावर एकच औषध थेंबांनी देतात. वर असेल तर दोन देतात. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते, पायाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन.